वाढवलेला हार

माय, परवा तो हार पुन्हा आपल्या घरी आला. गढीतल्या बाईसाहेबांची पणती तो घेऊन आली होती. पोरगी पुण्याला कुठंशी नोकरी करते, केस मानेवर कापलेले, अंगात पँट, पण नाक बघितलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच, बाईसाहेबांचंच नाक. तिनं स्टीलच्या डब्यातून मलमलीची गुंडाळी काढली, माझ्या मांडीवर उलगडली आणि म्हणाली, "आजी, हा तुम्हीच गाठवलाय ना? आमच्या घरात सगळे तुमचंच नाव सांगतात. मला याचा सगळा इतिहास लिहून ठेवायचाय." समोर फोन ठेवला, त्यात म्हणे माझा आवाज उतरणार होता. मग काय, मी बोलत सुटले. त्यांचा मूळपुरुष सांगितला, नागपूरचा दरबार सांगितला, हिरे सांगितले. अर्धा तास माझी टकळी चालू होती. "कुठे गाठवला हा?" असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या घरी." बघ माझी लबाडी! आमच्या घरी. एक अक्षर खोटं नाही आणि तुझं नावही नाही. पोरगी पाया पडून गेली, त्याला आज तिसरा दिवस. मला एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, बसते, पुन्हा उठते. सून विचारते, "आई, काही हरवलं का?" आता तिला काय सांगू? तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तुला वाचताही येत नव्हतं, आणि मी इथं नातवाच्या वहीतली पानं फाडून तुला लिहायला बसलेय. म्हातारचळ म्हणतात तो हाच असेल.

बरं, तो इतिहास तरी मला कुणी सांगितला होता? तूच. आणि तूही दरवेळी वेगळा सांगायचीस. कधी गढीचा मूळपुरुष नागपूरकरांच्या फौजेबरोबर पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत गेला आणि तिथून मोती घेऊन आला. कधी भर दरबारात राजानं आपल्या गळ्यातला कंठा काढून त्याच्या गळ्यात घातला. मी म्हणायची, "माय, मागच्या खेपेला तर दुसरंच सांगत होतीस." तू म्हणायचीस, "तू होती का तिथं? मंग ऐक गपचूप." पण हिऱ्यांचं पदक नंतरचं, हे मात्र तू ठामपणे सांगायचीस, कारण त्याच्या कड्यांची घडण वेगळी. मूळचा तो पुरुषाचा कंठा, तीन पदरी, छातीवर रुळणारा. पुढं घरातल्या बायका घालू लागल्या तेव्हा आखूड केला, आणि काढलेले मोती एका चांदीच्या डबीत ठेवले. नवी सून उंबरठ्याच्या आत पहिलं पाऊल टाकते तेव्हा हार तिच्या गळ्यात पाहिजे, हा त्या घराचा शिरस्ता. "जहागीर गेली, घोडे गेले, हार राह्यला," असं तू म्हणायचीस, आणि वर हळूच, "मोती त्याईचे, पन दोरा आपला."

आपलं दारव्ह्याचं ते दोन खोल्यांचं घर. बाबा कापसाच्या जिनात कामाला, सकाळी जायचे ते अंगभर कापूस घेऊन संध्याकाळी यायचे. पुढच्या खोलीत खिडकीखाली तुझी जागा. सोनार लोक गळ्यातल्या पोती, मणी, पुतळ्या पाठवायचे आणि तू त्या गाठवायचीस. बसण्याआधी जुन्या धोतराचं पांढरं फडकं झटकायचं, पसरायचं, मग बसायचं. उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवायचा, ताणायचा आणि ओवायला लागायचं. त्या दोऱ्यानं तुझ्या अंगठ्याला खाच पडली होती. आपल्या घरात 'तुटलं' आणि 'तोडलं' हे शब्दच नव्हते. बांगडी वाढते, दिवा वाढवतात, तसा दोराही वाढवायचा. सगळ्याच घरांत तसं बोलतात म्हणा, पण आपल्या धंद्यात तो शब्द दिवसातून वीसदा यायचा. सवाशिणीची पोत हातात आली की कात्री लावताना तू म्हणायचीस, "वाढवते व माय." एकदा शेजारची नवी सून पोत पुढं करून "तुटली" म्हणाली, तर तू तिला ओसरीवरूनच परत पाठवलंस. "आंधी नीट बोल, मंग ये." बिचारी रडकुंडीला आली होती.

मग तुझे डोळे जायला लागले. आधी तू उजेडाला नावं ठेवलीस, मग रेशमाला, मग सोनारांना, की मण्यांची भोकं बारीक पाडतात मेले. एक दिवस स्वतःशीच हसलीस, "जलमभर मोती ओवले, आता डोयातच उतरले." पण ते घरात. बाहेर कुणाला कळता कामा नये. एकदा सोनार काम उशिरा का म्हणून विचारायला आला आणि मी बोलून गेले, "मायले भोक दिसत नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. तू त्याच्यासमोर हसलीस, पोरगी चेष्टा करते म्हणालीस, आणि तो गेल्यावर लाकडी रीळ माझ्या बोटांच्या पेरांवर असं हाणलंस की डोळ्यांपुढं काजवे चमकले. "लोकाईसमोर माहे डोये काढतं? उद्या कोनी काम देईन का?" त्या दिवसापासून ठरून गेलं. काम मी करायचं, पण मागच्या खोलीत, चुलीजवळ, धुरात. गिऱ्हाईक आलं की तू खिडकीखाली बसलेली. दोन वर्षं असं चाललं. लोक म्हणायचे, या बाईचा हात म्हणजे हात! आणि मी आतून ऐकायची. मोठ्या घरचं काम मात्र तू मला शिवू देत नव्हतीस. ते तू बोटांनी चाचपत, तीन-तीन दिवस लावून, स्वतः करायचीस. मला राग यायचा, माय. आज लिहिताना लाज वाटायला पाहिजे, पण त्या रागाची आठवण झाली की अजून राग येतो.

आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. लग्नसराई होती. मी अठरा वर्षांची. बाजाराचा दिवस म्हणून तू बाजारात गेली होतीस, आणि दुपारी दाराशी दमणी, बैलांची छोटी गाडी, थांबली. बाईसाहेब स्वतः खाली उतरल्या. त्यांचा भाऊ गावातच राहायचा, त्याच्याकडं निघाल्या होत्या. "माय कुठं हाय?" म्हणाल्या. मी सांगितलं, बाजारात. मग त्यांनी मलमलीची गुंडाळी आणि चांदीची डबी माझ्यापुढं ठेवली. "पोराचं लगन आठ दिवसावर आलं. सून थोराड हाय, उंच मानेची. मायले म्हनाव, हार वाढवून ठेव. ऊन उतरलं का मी आलीच. रात्रीचा हार गढीच्या बाहेर राह्यत नाही, तुले माहीत हाय." आणि गेल्या. मी ती गुंडाळी उघडली. याआधी हार पाहिला होता, पण तुझ्या खांद्यावरून. तो असा माझ्या एकटीच्या पुढ्यात कधी नव्हता आला.

थांब, पाणी पिऊन आले. आता खरं लिहिते. माय, डबी समोर होती. सून थोराड, हे कानांनी ऐकलं होतं. हार लांब करायचाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. लांब करायचा तर मागच्या गाठी सोडायच्या, दोन्ही टोकांना डबीतले मोती सारखे ओवायचे आणि पुन्हा गाठ मारायची. पुढच्या मोत्यांना धक्काही लागत नाही. हे तूच मला तोंडी शिकवलं होतंस. पण बाईसाहेब 'वाढवून ठेव' म्हणाल्या होत्या, आणि मला ती पडत्या फळाची आज्ञा झाली. जगात लोक ध चा मा करतात, मला तर अक्षरही बदलावं लागलं नाही. माझा हिशेब सरळ होता. गाठींचं काम तू चाचपत करून टाकलं असतंस. पण अख्खा हार सुटा झाला, आणि संध्याकाळच्या आत पुन्हा गाठवायचा म्हटलं, तर ते तुला एकटीला व्हायचं नाही. मग तुला म्हणावंच लागेल, बस इथं, तू कर. एकदा, उजेडात, खिडकीखाली. एवढंच पाहिजे होतं मला. मी फडकं पसरलं, त्याच्या तीन चुण्या घातल्या, एकेका पदराला कात्री लावली आणि मोती जसेच्या तसे, क्रमानं, एकेका चुणीत सरकवले. मधे मोठे, मग दोन्ही बाजूंना लहान होत गेलेले. पदक बाजूला वाटीत ठेवलं. कात्री लावताना मी मोठ्यानं "वाढवते व माय" असं म्हटलंसुद्धा. घरात कुणी नव्हतं. मग मोती ठेवायला परात आणावी म्हणून मी आत गेले.

आणि तू येतेस. डोक्यावर बाजाराची टोपली, पदरानं घाम पुसतेस, टोपली कोपऱ्यात उतरवतेस. मी आतून बघतेय. मला वाटतं, तू आता ओरडशील. तू खिडकीखाली जातेस, वाकतेस, फडक्याची दोन टोकं धरतेस आणि रोजच्यासारखं झटकतेस. पांढऱ्या फडक्यावरचे पांढरे मोती, तुला एकही दिसला नाही. ते आधी भिंतीवर आदळले, मग सारवलेल्या जमिनीवरून सगळीकडं पळाले. आवाज थांबेपर्यंत तू फडकं हातात धरून तशीच उभी होतीस. "काय सांडलं व?" तू विचारलंस. मी म्हटलं, "मोती." "कोनाचे?" "गढीचे." तू तिथंच मटकन खाली बसलीस. तू रडली नाहीस, मारलं नाहीस, फक्त फडक्यावरून हात फिरवत म्हणालीस, "पोट्टे, मले दिसले नाही व." दोन वर्षांत पहिल्यांदा तू ते माझ्यापुढं कबूल केलंस, आणि मी परात खाली ठेवली.

आपण दार लावून घेतलं. मी केरसुणीनं कोपरे काढले, धूळ पिठाच्या चाळणीतून चाळली. तू तळहातांनी जमीन चाचपत निघालीस आणि माझ्या डोळ्यांना न सापडलेले मोती तुझ्या बोटांना सापडले, एक तर उंबऱ्याच्या फटीतला. सगळे मिळाले, देवाची कृपा. पण क्रम गेला होता, तिन्ही पदर एकमेकांत मिसळले होते. परातीत हात घालून बसलीस आणि तेव्हा विचारलंस, "वाढवाले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, "बाईसाहेबानं." "मंग डबी कायले देल्ली?" मी चाळणी झटकत राहिले. तू माझ्याकडं बघितलंस, म्हणजे तेव्हा बघायचीस तसं, माझ्या कानाच्या जरा बाजूला. मग पुन्हा कधी तू तो प्रश्न विचारला नाहीस, मरेपर्यंत नाही. तुला कळलं होतं का? ह्या तीन दिवसांत शंभरदा मी हे स्वतःला विचारलंय आणि दर वेळी उत्तर बदलतं.

ऊन उतरलं तशा बाईसाहेब आल्या. परातीत नजर गेली आणि दारातच थबकल्या. "हे काय करून ठेवलं? मी वाढवाले सांगतलं होतं!" तू उठून उभी राहिलीस, पदर नीट केलास. "बाईसाहेब, पोट्टीची चूक नाही. तुमी वाढव म्हनलं, तिनं वाढवला. आमच्या घरात वाढवनं म्हन्जे हेच. चूक असन तं शब्दाची हाय." बाईसाहेबांचा चेहरा पडला. त्या रागावल्या नव्हत्या, भ्यायल्या होत्या. "लगनाच्या तोंडावर हार सुटला व माय, आन् माह्याच तोंडानं." तू क्षणाचाही वेळ न घालवता म्हणालीस, "सुटला नाही, न्हायले बसला. नव्या सुनेले नवा दोरा नको? बसा, तुमच्या डोयासमोर करून देते." काय बोलायचीस माय तू! बाईसाहेब हसल्या, पाटावर टेकल्या. तू खिडकीखाली बसलीस आणि दोरा अंगठ्याला लावलास. मला 'बस' म्हणाली नाहीस.

मी शेजारी बसून परातीतला बरोबर मोती शोधून तुझ्या तळहातावर ठेवायला लागले. तू तो ओठाला लावायचीस, ओठानं भोक शोधायचीस आणि डिंक लावून ताठ केलेलं दोऱ्याचं टोक त्यात घालायचीस. पहिले काही गेले. मग एक अडला. टोक मोत्याच्या बाजूनं निसटायचं, तू पुन्हा ओठाला लावायचीस, पुन्हा निसटायचं. तू बोलायला लागलीस. मूळपुरुष काढलास, समुद्र काढलास, आणि बाईसाहेबांना त्यांच्याच घराची गोष्ट सांगत राहिलीस, की त्यांचं लक्ष तुझ्या बोटांवर जाऊ नये. मी हात पुढं करून तो मोती घेऊ शकले असते. हसत म्हणू शकले असते, माय, तुझा हात भरून आला असेल, दे मला. तू तेही सावरून घेतलं असतंस. मी हात मांडीवर ठेवून बसले. टोक पुन्हा निसटलं. बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचे डोये केव्हा गेले?" तू म्हणालीस, "उजेड कमी हाय आज." खिडकीतून आलेलं तिरपं ऊन थेट फडक्यावर पडलं होतं. बाईसाहेबांनी त्या उन्हाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पोरीले बसू द्या."

तू दोरा अंगठ्यातून काढलास, माझ्या हातात दिलास आणि भिंतीला धरून उठलीस. मी बसले. ती जागा तुझ्या अंगानं अजून गरम होती. सगळ्यांना मी आजवर सांगत आले की त्या क्षणी मला रडू आलं. काही रडू आलं नाही. बरं वाटलं. हात असा चालला की दिवेलागणीला तीनही पदर, डबीतल्या मोत्यांसकट, तयार. बाईसाहेबांनी हार उंच धरून बघितला, आपल्या छातीवर लावून बघितला. मग दोघींना कुंकू लावलं आणि दरवेळी तुला द्यायच्या तो खण माझ्या हातात ठेवला. मी तुझ्याकडं बघितलं. तू कंदिलाची काच पुसत होतीस. "घे," म्हणालीस, "तुह्या हातचं हाय."

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो! महिन्याभरात सोनार थेट मला हाक मारायला लागले. तू ओरडली नाहीस, टोमणा मारला नाहीस, जागा बदललीस फक्त. चुलीजवळ गेलीस. भाकरी हातानं चाचपून भाजायचीस, बोटं पोळायची. त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं यवतमाळला डोळ्यांचं शिबिर भरलं, बाबांनी तुला छोट्या रुळांच्या आगगाडीनं नेलं. परत आलीस ती बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लावून, आणि दोन दिवस घरभर लहान पोरीसारखी बघत फिरलीस. बाबांचे केस इतके पांढरे झाले हे तुला माहीतच नव्हतं. त्यांना पुढं बसवून हसलीस. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलंस आणि म्हणालीस, "वायली व पोट्टे तू, माह्या ध्यानात गुबगुबीत होती." आता इथपर्यंत आले आहे तर पुढचंही लिहून टाकते. हे पान मी कुणाला वाचून दाखवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस. मी खिडकीखाली होते, पुढ्यात कुणाची तरी नथ होती आणि वाटीत बारीक मोती. तू एक मोती चिमटीत उचललास, खिडकीकडं धरलास, चष्मा वर-खाली केलास. "भोक दिसते व," तू म्हणालीस. "साफ दिसते." आणि उभीच राहिलीस. मी दोरा अंगठ्याला ताणून धरला होता. मान वर न करता मी म्हटलं, "आता कायले डोयाले ताण देतं, माय? तू आराम कर." तू मोती वाटीत ठेवलास आणि आत गेलीस. गाव म्हणालं, पोरगी असावी तर अशी, मायले बसवून खाऊ घालते. तू गेलीस तेव्हा पुरुषमाणसांनीही मला तेच ऐकवलं, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण ती तुझ्या डोळ्यांची काळजी नव्हती, माय. मले उठायचं नव्हतं.